पत्र्याचा ब्रॅकेट वाकवल्यावर मापात येत नाही, भोकं जुळत नाहीत, काटकोन बसत नाही: नेमकं कुठे बघायचं

साधा एल आकाराचा ब्रॅकेट. पट्टी कापायची, चार भोकं पाडायची, मधे वाकवायची, झालं काम. कागदावर तरी एवढंच असतं. आणि मग लावायला गेलं की एका बाजूची भोकं बरोबर आणि दुसऱ्या बाजूची दीड-दोन मिमी सरकलेली, किंवा ब्रॅकेटच मापापेक्षा मोठा, किंवा काटकोनाच्या नावाने ९३ अंश, आणि वैतागून दुसरा बनवला तर त्यातही तेच. आता हे "परत तेच" जे आहे ना, तीच यातली कामाची खूण आहे. हात चुकत असता तर दर वेळी वेगळं काहीतरी बिघडलं असतं, कधी कमी कधी जास्त. दर वेळी तेवढंच आणि त्याच बाजूला बिघडतंय याचा अर्थ बहुतेक वेळा हात चुकण्यात खोट नाही, आखणीत, वाइसच्या (पत्रा दोन जबड्यांत घट्ट धरायच्या शिकंज्याच्या) पकडीत किंवा ठोकायच्या पद्धतीत आहे. म्हणून तिसरा ब्रॅकेट कापायला घेऊ नका. बिघडलेला आहे तोच समोर ठेवा आणि मोजा.

खालचं सगळं १ ते २ मिमी जाडीच्या साध्या लोखंडी पत्र्याला धरून लिहिलंय, हत्यारं म्हणजे वाइस, हॅकसॉ, कानस, हातोडा, हँड ड्रिल, सेंटर पंच (भोकाच्या मध्यावर खड्ड्यासारखी खूण उमटवायचा), गुण्या (काटकोन तपासायचा) आणि जमल्यास व्हर्नियर (बारीक माप घ्यायचा कॅलिपर). व्हर्नियर नसेल तर यातलं निम्मं निदान अंदाजानेच करावं लागेल, स्वस्तातला प्लास्टिकचा चालेल पण असू द्या.

सगळ्यात आधी पत्र्याची जाडी मोजा. "१६ गेजचा पत्रा आहे" हे उत्तर नाही. गेज म्हणजे जाडीचा नंबर, आणि त्याचे तक्ते एकापेक्षा जास्त आहेत, एसडब्ल्यूजीमध्ये (ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेज) १६ गेज म्हणजे १.६३ मिमीच्या आसपास आणि अमेरिकन स्टील गेजमध्ये तोच १६ नंबर १.५२ मिमी, अॅल्युमिनियमला तर तिसराच आकडा. वर पत्र्याला रंग असेल तर तोही मोजला जातो, तेव्हा एका कोपऱ्यातला रंग खरवडून मग मोजा. पुढची सगळी गणितं या जाडीवर चालतात.

बाहेरून मोजलं तर दोन्ही बाजू मोठ्या भरतायत

हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. समजा तुम्हाला बाहेरून ५० बाय ३० चा ब्रॅकेट हवाय, पत्रा २ मिमी. बहुतेक जण काय करतात, ५० अधिक ३० म्हणून ८० मिमीची पट्टी कापतात, ५० वर रेघ मारतात, रेघ वाइसच्या जबड्याच्या वरच्या कडेला लावतात आणि ठोकतात. आता हा ब्रॅकेट मोजा. ५० ची बाजू ५२ भरेल आणि ३० ची बाजू साधारण ३१.२. तुमचा ब्रॅकेट असाच मोठा भरत असेल, म्हणजे एक बाजू बरोब्बर पत्र्याच्या जाडीएवढी मोठी आणि दुसरी त्याच्या निम्म्याहून जरा जास्त, तर निदान झालं, बाकी कुठे शोधू नका.

असं का होतं ते एकदा नीट समजून घेतलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. पट्टी उभी पकडलीय, रेघ जबड्याच्या कडेवर आहे. वाकवल्यावर मोकळी बाजू जबड्याच्या माथ्यावर आडवी पडते, म्हणजे तिची आतली, खालची बाजू माथ्याला टेकलेली असते आणि तिची सगळी जाडी माथ्याच्या वर असते. म्हणजे तुम्ही जिथे रेघ मारली तो ब्रॅकेटचा आतला कोपरा झाला, बाहेरचा नाही. बाहेरचा कोपरा त्याच्या एक जाडी पुढे. त्यामुळे पकडलेली बाजू बाहेरून मोजली की पूर्ण जाडीने वाढते. हे अगदी ठरलेलं आहे, जबड्याची धार थोडी गोल असली तरी हेच.

मोकळ्या बाजूचं जरा वेगळं. वाकताना पत्र्याचा बाहेरचा भाग ताणला जातो आणि आतला दाबला जातो, आणि मधे कुठेतरी एक थर असा असतो की ज्याची लांबी बदलतच नाही. हा थर बरोबर मध्यावर असेल असं वाटतं पण तो आतल्या बाजूला सरकलेला असतो, आपल्या अशा घट्ट बेंडमध्ये आतून साधारण ४० टक्के जाडीवर. तेवढं मटेरियल कोपऱ्यात खर्ची पडतं आणि हिशेब केला की मोकळी बाजू जाडीच्या अंदाजे ०.६ पट वाढलेली दिसते. जबड्याची धार घासून गोल झालेली असेल तर ०.८ पर्यंतही जाते.

तर मग करायचं काय, उलटं वजा करायचं. पकडायच्या बाजूच्या बाहेरच्या मापातून एक पूर्ण जाडी कमी, मोकळ्या बाजूच्या मापातून ०.६ जाडी कमी. वरच्या उदाहरणात रेघ टोकापासून ४८ वर येईल, मोकळा तुकडा २८.८ राहील आणि एकूण पट्टी ७६.८ ची कापायची, ८० ची नाही. १.६ मिमी पत्र्याला पकडलेल्या बाजूतून १.६ आणि मोकळीतून १ मिमी. १.२ च्या पत्र्याला १.२ आणि ०.७. आतून मापं हवी असतील, म्हणजे ब्रॅकेट कशाला तरी बाहेरून मिठी मारून बसणार असेल, तर आणखी सोपं आहे, आतल्या दोन मापांची बेरीज करा आणि त्यात ०.४ जाडी घाला, ती पट्टीची एकूण लांबी.

हे आकडे सुरुवातीला धरून चालायला आहेत. तुमच्या वाइसचा आणि तुमच्या पत्र्याचा खरा आकडा एका चाचणी पट्टीतून मिळतो आणि तो इंटरनेटवरच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा भारी असतो. त्याच पत्र्यातली २० मिमी रुंद आणि बरोब्बर १०० मिमी लांब पट्टी घ्या, ५० वर रेघ, नेहमीसारखी पकडा, नेहमीसारखी ठोका, काटकोन नीट करा आणि दोन्ही बाजू बाहेरून मोजा. पकडलेली बाजू ५० च्या वर किती गेली, मोकळी किती गेली, हे दोन आकडे त्याच पट्टीवर मार्करने लिहून ठेवा आणि पट्टी वाइसशेजारी टांगून ठेवा. पुढच्या वेळी तोच पत्रा असेल तर वजाबाकी तयार आहे. कोन ९० नसताना मोजलंत तर मात्र आकडे खोटे येतील, तेव्हा आधी गुण्या.

पट्टीची कुठली बाजू पकडली होती हे वाकवल्यावर कळत नाही, म्हणून आधीच पकडायच्या बाजूवर एक फुली मारायची सवय लावा. पन्नास टक्के गोंधळ इथेच मिटतो.

माप बरोबर आहे पण भोकं सरकतायत

मूळ कारण वरचंच, फक्त वेगळ्या वेषात. भोकांचं माप रेघेपासून घेतलेलं असतं आणि ब्रॅकेट लावताना माप लागतं ते बाहेरच्या कोपऱ्यापासून, किंवा आतल्या कोपऱ्यापासून, जसा तो बसणार असेल तसं. रेघेपासून २० वर पाडलेलं भोक पकडलेल्या बाजूला असेल तर बाहेरच्या कोपऱ्यापासून २२ वर जातं (२ मिमी पत्रा), आणि मोकळ्या बाजूला असेल तर २१.२ वर. म्हणजे दोन बाजूंची भोकं वेगवेगळी सरकतात आणि मग माणूस म्हणतो की एक बाजू बसते तर दुसरी बसत नाही.

उपाय म्हणजे रेघेपासून मोजायचंच नाही. भोक ज्या बाजूला आहे त्याच बाजूच्या टोकापासून मोजा, ते अंतर वाकवताना बदलत नाही. टोकापासून १५ वर पाडलेलं भोक वाकवल्यावरही टोकापासून १५ वरच राहणार. टोक कानसीने सरळ आणि काटकोनात केलेलं हवं हे ओघाने आलंच.

दुसरा मार्ग, जो मला जास्त पटतो, म्हणजे पकडलेल्या बाजूची भोकं आधी पाडायची, वाकवायचं, ब्रॅकेट जागेवर त्या भोकांतून स्क्रूने हलका लावायचा आणि दुसऱ्या बाजूची भोकं तिथेच समोरच्या भोकांतून मार्करने उतरवून घ्यायची. एखाद-दुसराच ब्रॅकेट असेल तर यापेक्षा सोपं काही नाही, गणित करायचीच गरज नाही. वाकवल्यानंतर भोक पाडताना कोपऱ्याच्या आत लाकडाचा ठोकळा घट्ट बसवून ठोकळ्यासकट वाइसमध्ये धरा, नाहीतर ड्रिलच्या दाबाने कोन उघडतो आणि केलेला काटकोन जातो.

भोक बेंडच्या फार जवळ असेल तर वाकवताना ते अंड्यासारखं लांबटतं आणि काठ वर उचलला जातो. भोकाचा काठ आतल्या कोपऱ्यापासून निदान दोन जाड्या अधिक बेंडची आतली त्रिज्या एवढा लांब ठेवा, २ मिमी पत्र्याला ५ मिमी धरा. पण खरं सांगायचं तर छोट्या ब्रॅकेटमध्ये त्याच्या आधी वॉशरच आडवा येतो. एम ६ चा, म्हणजे ६ मिमी बोल्टचा, साधा वॉशर १२ मिमी व्यासाचा असतो, म्हणजे भोकाचा मध्य आतल्या कोपऱ्यापासून किमान ७-८ मिमी हवाच, आणि वर पाना फिरायला जागा लागते ती वेगळीच. आखताना पट्टीवर प्रत्यक्ष वॉशर ठेवून बघा.

भोकाचा आकारही नेमका घ्या. एम ६ ला ६ मिमीचं भोक म्हणजे जाणूनबुजून त्रास, ६.६ हे नेहमीचं क्लिअरन्स (बोल्ट सहज आरपार जाणारं) भोक आहे, एम ५ ला ५.५ आणि एम ४ ला ४.५. अर्धा मिमी ढिलाई मिळाली की निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात.

आणि ड्रिल पंचाच्या खुणेवरून घसरतंय का तेही बघा. सेंटर पंचची खूण आधी हलकी मारायची, दोन्ही आखलेल्या रेघांच्या फुलीवर बसलीय का ते वाकून बघायचं, नसेल तर पंच तिरका धरून खूण सरकवायची आणि मग सरळ धरून जोरात. त्यावर आधी ३ मिमीचं भोक, मग मोठं.

काटकोन होतच नाही

इथे आधी गुण्या कसा लावताय ते महत्त्वाचं. आतल्या कोपऱ्यात गुण्या कोंबला तर गुण्याचा टोकदार कोपरा बेंडच्या गोलाईवर अडतो आणि काटकोन असूनही फट दिसते. बाहेरून लावा. गुण्याची जाड बाजू ब्रॅकेटच्या एका बाजूला सपाट टेकवा, पातं दुसऱ्या बाजूला भिडवा आणि उजेडाकडे धरा. पातं टोकाला टेकतंय आणि कोपऱ्याशी उजेड दिसतोय तर कोन उघडा राहिलाय, ९० च्या वर. कोपऱ्याशी टेकतंय आणि टोकाशी उजेड, तर जास्त मिटलाय. आणि पातं मधोमध पोटावर टेकतंय, दोन्हीकडे उजेड, तर कोनाचा प्रश्नच नाही, ती बाजूच बाकदार झालीय.

उघडा राहण्याचं कारण म्हणजे पत्रा परत उसळतो. ९० ला नेऊन सोडला की तो थोडा मागे येतो, साध्या लोखंडाला एक ते तीन अंश, स्टेनलेसला आणि कडक अॅल्युमिनियमला त्याहून जास्त. वाइसच्या सपाट माथ्यावर पत्रा ९० च्या पुढे जाऊच शकत नाही, माथाच आडवा येतो, मग तुम्ही कितीही ठोका. म्हणून फॉर्मिंगचा तुकडा वेगळा करा. जाड लोखंडी पट्टी किंवा चांगलं कडक लाकूड घ्या, त्याचा माथा कानसीने मागच्या बाजूला तीन अंश उतरता करा (२० मिमी खोलीला जेमतेम १ मिमीचा उतार), धार जशीच्या तशी ठेवा, आणि तो तुकडा पत्र्यासोबत वाइसमध्ये जबड्याच्या वर डोकावेल असा पकडा. आता पत्रा ८७ पर्यंत जाईल आणि सोडल्यावर ९० ला येऊन बसेल.

बाकदार होण्याचं कारण मात्र पूर्णपणे ठोकण्यात आहे. मोकळ्या टोकावर हातोडा मारायला सोपं जातं, लांब असल्याने जोर कमी लागतो, पण वाकणं मग कोपऱ्यात न होता सगळ्या लांबीवर पसरतं आणि बाजू गोल होते. लाकडाचा ठोकळा बेंडच्या अगदी मुळाशी, जबड्याला लागून धरा आणि हातोडा ठोकळ्यावर मारा. आधी हाताने किंवा ठोकळा टेकवून पट्टी सगळ्या रुंदीवर सारखी ढकला, पंधरा-वीस अंश, मग मुळाशी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलके ठोके मारत या, परत ढकला, परत ठोके. शेवटचे ठोके कोपऱ्यावर. लोखंडी हातोडा पत्र्यावर थेट मारला की चंद्रकोरीसारखे वण पडतात, आणि त्याहून वाईट म्हणजे पत्रा तिथे पातळ होऊन पसरतो आणि बाजू वाकडी व्हायला लागते.

बाकदार झालेली बाजू सरळ करायची असेल तर सपाट लोखंडावर पोट वर करून ठेवा आणि ठोकळ्यावरून दोन-चार ठोके. कोन दोन-तीन अंश उघडा राहिला असेल तर परत तिथेच पकडून मुळाशी ठोका. जास्त मिटला असेल तर एकदा उघडता येतो. पण उघड-मीट उघड-मीट करत बसू नका, प्रत्येक वेळी ती जागा कडक होत जाते आणि मग चीर जाते.

एक बाजू तिरकी जातेय

ब्रॅकेट टेबलावर ठेवला की उभी बाजू एका अंगाला झुकलेली दिसते. बेंडची रेघ पट्टीच्या कडेला काटकोनात नव्हती, बस एवढंच. एक अंश फरक असला तरी ५० मिमी लांब बाजूच्या टोकाशी जवळजवळ ०.९ मिमी सरकतं, म्हणजे भोकं गेलीच.

हे दोन ठिकाणी होतं. पहिलं आखताना, गुण्या कधी या कडेला टेकवला कधी त्या कडेला, आणि दोन्ही कडा एकमेकींना समांतर नाहीत. कापलेल्या पट्टीची एकच लांब कड कानसीने सरळ करा, तिच्यावर खूण करा आणि सगळ्या रेघा फक्त तिच्यापासून मारा, दुसरी कड कशी का असेना.

दुसरं पकडताना. रेघ बरोबर असते पण पट्टी वाइसमध्ये किंचित कलते. डोळ्यांनी हे नीट दिसत नाही, सावली फसवते. वाइस अर्धवट आवळून नख जबड्याच्या माथ्यावरून पत्र्याकडे सरकवत न्या, रेघ माथ्याच्या किंचित खाली-वर असेल तर स्क्राइबरचा (पत्र्यावर रेघ ओढायच्या टोकदार सुईचा) चर नखाला लागतो, डाव्या टोकाशी बघा, उजव्या टोकाशी बघा, दोन्हीकडे सारखं लागलं की मग पूर्ण आवळा. आवळताना पट्टी परत हलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा एकदा नख. आणि पट्टी वाइसच्या एका बाजूलाच पकडली असेल तर जबडा तिरका बसतो आणि पहिल्याच ठोक्याला पट्टी एका कडेने सरकते. दुसऱ्या बाजूला त्याच पत्र्याचा एक तुकडा भरीला घाला, जबडे समांतर राहतात.

पट्टी वाइसपेक्षा रुंद असेल तर दोन अँगलचे (एल आकाराच्या जाड लोखंडी पट्टीचे) तुकडे जबड्यांवर टेकवून त्यांच्यामध्ये पत्रा पकडा आणि बाहेर आलेल्या टोकांना सी क्लॅम्प लावा. क्लॅम्प नाही लावले तर टोकाकडे अँगल उघडतात आणि बेंड मधे घट्ट आणि कडेला सैल असा होतो. खरं तर छोट्या ब्रॅकेटलाही हे अँगल वापरावेत, जुन्या वाइसच्या जबड्यांची धार झिजून गोल झालेली असते, शिवाय त्यांचे दाते पत्र्यावर उमटतात.

कोपऱ्यावर चीर

साध्या लोखंडी पत्र्याला २ मिमीपर्यंत सहसा चीर जात नाही. जात असेल तर आधी कडा बघा. हॅकसॉने कापलेली कड तशीच ओबडधोबड ठेवली तर ताण तिथल्या खाचांतून सुरू होतो आणि चीर कडेपासून आत येते. वाकवण्याआधी बेंडच्या जागी दोन्ही कडा कानसीने गुळगुळीत करा, आणि बर (कापताना उरलेली धारदार कड) राहिलीच असेल तर ती बाजू बेंडच्या आत ठेवा.

चीर मधूनच गेली असेल तर तुमची स्क्राइबरची रेघ बाहेरच्या बाजूला होती का ते बघा. ताणल्या जाणाऱ्या बाजूवर चर पाडून ठेवला तर पत्रा तिथूनच फाटणार. रेघ नेहमी आतल्या बाजूला, म्हणजे ज्या जबड्यावर वाकवणार त्याच्याकडे तोंड करून. अॅल्युमिनियमवर तर स्क्राइबर नकोच, बारीक मार्कर वापरा.

अॅल्युमिनियमची प्रत हा वेगळाच विषय आहे. ३००३ किंवा ५०५२ चा पत्रा आरामात वाकतो. ६०६१-टी६ धारदार कोपऱ्यावर वाकवला तर तडकतोच, त्याला जाडीच्या निदान तीन पट आतली त्रिज्या द्या, म्हणजे अँगलच्या धारेऐवजी गोल सळईवर वाकवा (मग वरची वजाबाकी चालणार नाही, परत चाचणी पट्टी). भंगारातल्या तुकड्यावर प्रत लिहिलेली नसते, म्हणून आधी एक कोपरा वाकवून बघायचा, आवाज आला की समजायचं.

पत्र्याला लाटण्याची दिशा पण असते, पृष्ठभागावर बारीक समांतर रेषा दिसतात. बेंडची रेघ या रेषांना आडवी हवी. रेषांना समांतर वाकवलं तर चीर लवकर जाते, लोखंडाला चालून जातं, अॅल्युमिनियमला नाही.

गरम करून वाकवायचा विचार असेल तर २ मिमी लोखंडाला त्याची काही गरज नाही. आणि जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा असेल तर ज्योत लावूच नका, जस्ताचा धूर छातीत गेला की ताप भरतो. जीआय थंडच वाकवायचा, कोपऱ्यावरचा जस्ताचा थर थोडा तडकतो तिथे नंतर झिंक प्रायमर मारा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होईल.

भोकच गोल येत नाही

पातळ पत्र्यात साधं ट्विस्ट ड्रिल तिकोनी भोक पाडतं. ड्रिलचं टोक पलीकडे निघून जातं तेव्हा कडा अजून पूर्ण आत शिरलेल्या नसतात, मग ड्रिलला धरायला काहीच उरत नाही आणि ते नाचतं. पत्रा दोन लाकडी फळ्यांच्या मधे दाबून भोक पाडा किंवा स्टेप ड्रिल (पायऱ्या-पायऱ्यांनी जाड होत जाणारं) वापरा. वेग कमी ठेवा, लोखंडात ६ मिमी ड्रिलला मिनिटाला साधारण १३०० फेरे आणि १० मिमीला ८०० पुरतात, त्यावर थोडं तेल. पूर्ण वेगाने कोरडं ड्रिल दाबत बसलं तर कडा निळ्या पडतात आणि मग ते ड्रिल लोण्यातही शिरत नाही.

पत्रा हातात धरून ड्रिल करू नका. पलीकडे निघताना ड्रिल पत्र्याला पकडतं आणि तो पंख्याच्या पात्यासारखा गरकन फिरतो, बोटं तिथेच असतात. वाइस किंवा क्लॅम्प, आणि हातमोजे ड्रिल करताना घालायचे नाहीत, ते गुंडाळले जातात. पत्रा कापताना, कानस मारताना खुशाल घाला. चष्मा दोन्हीला.

कापताना पट्टी फरफटत असेल, दाते तुटत असतील, तर ब्लेड जाड दात्यांचं आहे. पत्र्याला इंचाला ३२ दात्यांचं लावा, आणि तरीही १ मिमीच्या पत्र्यात एका वेळी एखाद-दुसराच दाता लागतो, म्हणून ब्लेड आडवं, पत्र्याशी अगदी कमी कोनात धरून ओढा.

यू आकाराचा असेल तर

दोन बेंड म्हणजे दोन वेळा फरक, आणि आतली रुंदी हमखास चुकते. रेघांवर विसंबून न राहता जी वस्तू आत बसणार तिच्याएवढ्या रुंदीचा ठोकळा करा, पहिला बेंड करा, ठोकळा त्या कोपऱ्यात घट्ट लावून सगळं एकत्र पकडा आणि दुसरा बेंड ठोकळ्याच्या दुसऱ्या धारेवर. रुंदी ठोकळाच ठरवतो. बाहेरच्या बाजू किंचित लांब ठेवून शेवटी कानसीने मापात आणा.

जो बिघडलाय त्याचं काय

भोक एक मिमीच्या आत सरकलं असेल तर गोल कानसीने त्या दिशेला लांबट करा आणि मोठा वॉशर टाका, कुणाला कळणारही नाही आणि ताकदही फारशी जात नाही. लांबट करायचं ते वजन ज्या दिशेने येतं तिला आडवं, वजनाच्याच दिशेत केलं तर ब्रॅकेट हळूहळू खाली घसरेल. दोन मिमीच्या पुढे असेल तर शेजारी नवीन भोक पाडायचा मोह टाळा, दोन भोकांमध्ये जो बारीक पूल उरतो तो वाकतो. अशा वेळी बाजूला पुरेशी लांबी असेल तर टोकाकडे सरकून नवीन भोक पाडा, दोन भोकांच्या काठांमध्ये निदान एका भोकाएवढं अंतर राहील असं. तेवढी जागा नसेल तर तो तुकडा पुढच्या वेळच्या चाचणी पट्ट्यांसाठी कापून ठेवा.

बाजू लांब झाली असेल तर टोकातून कापून मापात आणता येते, पण भोकं टोकापासून मोजलेली असतील तर कापल्यावर त्यांचं टोकाकडचं अंतर कमी होईल, भोकाच्या काठापासून टोकापर्यंत निदान भोकाच्या व्यासाएवढं तरी उरतंय ना ते बघून मगच हॅकसॉ लावा.